थंडीच्या दिवसांतील स्वस्त जेवण : हुलग्याचीं शेंगोळीं

पौष-माघांत गव्हाहरभऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या चालूं असतात, आणि पुष्कळ गांवीं पंपास वीज रात्रीचीच मिळत असल्यामुळें दारें धरण्याचें काम मध्यरात्रीं करावें लागतें. गेल्या पौषांत आमच्या मळ्यांतून दोघे जण पहांटे चिखलानें माखून घरीं आले, तेव्हां त्यांच्यापुढें वाढावयास गार भाकरी व चटणी यांखेरीज कांहीं नव्हतें. त्यांतील एक दुसऱ्याच दिवशीं तापानें पडला. आमच्या मातोश्री तेव्हां म्हणाल्या, “अरे, बैल होते तोंवर या घरांत हुलगे होते. बैल गेले आणि माणसांचेंहि जेवण गेलें.”

हें बोलणें मनाला लागलें, कारण तें अक्षरशः खरें होतें. हुलगा, ज्याला कोंकणांत कुळीथ म्हणतात, तो आपण बैलांच्या खुराकासाठीं म्हणून पेरीत होतों. घरांत येत असे तो त्यांतूनच. ट्रॅक्टर आल्यावर बैल विकले आणि त्याबरोबर हें पीकहि बांधावरून उठलें. वास्तविक या धान्यांत सुमारें २२ टक्के प्रथिनें असून लोहहि बरेंच असतें. आयुर्वेदानें तें उष्ण मानिलें आहे; म्हणून घरोघरीं तें थंडींतच शिजत असे.

आतां कृति. हुलगे निवडून मंद आंचेवर किंचित् भाजावे व बारीक दळून आणावे. कोणी न भाजतांच दळतात, पण त्यानें उग्र वास राहतो असा माझा अनुभव आहे. पांच माणसांस पाव किलो पीठ पुरतें. त्यांत मूठभर ज्वारीचें पीठ, दहाबारा लसणीच्या पाकळ्या व जिरें यांचें वाटण, तिखट, हळद, मीठ आणि चमचाभर तेल घालून कोमट पाण्यानें घट्ट मळावें. लिंबाएवढा गोळा बाजूस काढून ठेवावा. बाकीच्या पिठाच्या, हातास तेल लावून, परातीच्या पाठीवर करंगळीहून बारीक वळ्या कराव्या व दोन्हीं टोकें जुळवून कडीं करावीं. हें काम वेळ खाणारें आहे खरें, पण मुलें हौसेनें करतात. पुरुषांनीं हात लावल्यासहि कांहीं बिघडत नाहीं.

पातेल्यांत तेल, मोहरी, हिंग व ठेंचलेला लसूण यांची फोडणी करून सुमारें दीड लिटर पाणी घालावें. पाणी खळखळून उकळल्याशिवाय शेंगोळीं सोडूं नयेत. मी पहिल्या खेपेस येथेंच घाई केली. पाणी नुसतें तापलें होतें, तेवढ्यांत सगळीं सोडलीं आणि पळी फिरविली. शेंगोळीं विरघळून पातेलेंभर पिठलें झालें! म्हणून थोडथोडीं सोडावीं आणि पहिलीं पांच मिनिटें पळी लावूं नये. पुढें बाजूस ठेविलेला गोळा पाण्यांत कालवून ओतावा, म्हणजे रस्सा दाटतो. मूठभर शेंगदाण्याचें कूट घातल्यास उत्तम. नसल्यास अडत नाहीं. वीसपंचवीस मिनिटांनीं एक शेंगोळें मोडून पाहावें. आंत कोरडें पीठ दिसलें नाहीं कीं झालें.

बाजरीची भाकरी कुस्करून त्यावर हा रस्सा ओतावा, सोबत कांदा. विकत आणण्याजोगें त्यांत मीठमसाला व तेल एवढेंच. पाकिटांतील शेवयांवर घरोघरीं जो पैसा जातो, त्याच्याशीं ज्यानें त्यानें हिशेब ताडून पाहावा.

दुकानीं पीठ मिळतें, पण एकदां आणलेल्यांत भेसळ निघाल्यानें आम्हीं तो नाद सोडला. यंदां श्रावणांत माळाच्या दहा गुंठ्यांत दीड किलो बीं पेरलें. जमीन हलकी, खत नाहीं, पाणी नाहीं. पीक चाळीस किलोंच्या आसपास आलें. द्विदल असल्यानें जमिनीसहि नत्राचा लाभ झाला. भुंगा लागूं नये म्हणून चार दिवस कडक उन्हांत वाळवून धान्य राखेंत कालवून ठेविलें आहे. बियाण्याचें गाडगें निराळें बांधलें.

दारें धरणारे पहांटे येतात तेव्हां आतां रात्रींचीं शेंगोळीं चुलीच्या वैलावर झांकून ठेवलेलीं असतात. मुरल्यावर तीं अधिकच रुचकर लागतात. फक्त रस्सा घट्ट होतो, म्हणून वाढतांना आधणाचें पाणी थोडें घालावें.