जुन्या संगणकावर विंडोज ९८ ची स्थापना

१९९८ ते २००५ या वर्षांत ज्या घरांत पहिला संगणक आला, त्यांतल्या पुष्कळ घरांच्या माळ्यावर ती करड्या रंगाची पेटी अद्याप पडून असते. भंगारवाल्याला देण्यापूर्वीं तिच्यांत काय आहे हें पाहण्याची बुद्धि सर्वांना होतेच असें नाहीं. एखाद्या घरीं तींत आजोबांनीं स्वतः टंकलेला कुलवृत्तांत असतो, एखाद्या घरीं आईच्या कथांची एकुलती एक प्रत. ती फाइल नव्या संगणकावर उघडावी, तों मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा खच दिसतो, आणि फाइल नासली असा निर्णय होऊन पेटी विकली जाते. वास्तविक फाइल बहुधा शाबूत असते.

कारण असें आहे. युनिकोड या सर्वमान्य संकेतांत देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे. परंतु मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मालिकेंत त्या संकेताप्रमाणें देवनागरी जुळवून दाखविण्याची सोय विंडोज २००० पासून झाली. विंडोज ९८ ला स्वतःची अशी मराठी नव्हतीच. म्हणून त्या काळचे फॉन्ट तयार करणारे लोक रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवीत : एका घरांत अर्धा क, दुसऱ्यांत काना, तिसऱ्यांत रफार. ही वांटणी ज्याची त्यानें आपल्या मतानें केलेली. त्यामुळें ज्या फॉन्टनें लिहिलें, त्याच फॉन्टनें वाचलें पाहिजे. शिवाय टंकनाच्या कांहीं संचांबरोबर प्रिंटरच्या जोडमुखांत खोंचण्याचें एक इलेक्ट्रॉनिक कुलूप मिळत असे. तें नसेल तर संच उघडत नसे. असले संच आजच्या संगणकावर सहसा चालत नाहींत. त्यांना त्यांचें जुनें घरच उभें करून द्यावें लागतें.

पेटी अजून सुरू होत असेल तर स्थापनेच्या भानगडींत पडूंच नये. लेखन उघडावें आणि कागदावर छापून घ्यावें. परंतु बहुधा ती सुरू होत नाहीं, आणि मग शेजारचा जाणता मुलगा किंवा कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला मोठ्या सद्भावनेनें म्हणतो, "फॉरमॅट मारून देतों." इतक्या थोड्या वेळांत इतका नाश वाळवीलाही साधत नाहीं. विंडोज नव्यानें चालूं लागतें, पेटी झळकते, आणि ज्यासाठीं हा खटाटोप केला तें मात्र गेलेलें असतें.

म्हणून पहिली पायरी संगणकाच्या पडद्यावरची नाहींच. वीज तोडून पेटीचें झांकण काढावें, जुनी हार्ड डिस्क तिच्या रुंद पट्टीसारख्या केबलीपासून सोडवावी, वर कागद चिकटवून नांव लिहावें आणि ती कपाटांत ठेवावी. तिच्या जागीं त्याच जातीची, म्हणजे आयडीई जातीची, दुसरी रिकामी डिस्क लावावी. दहा-वीस गिगाबाइटांची पुरे. १३७ गिगाबाइटांपलीकडची डिस्क विंडोज ९८ ला नीट झेपत नाहीं. स्मृति, म्हणजे रॅम, २४ मेगाबाइटांहून कमी नसावी, आणि चमत्कार असा कीं ५१२ मेगाबाइटांहून अधिक झाली तर "स्मृति अपुरी" अशी उलटी तक्रार निघते. सीडी १९९९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीची घ्यावी.

संगणक सुरू होतांच डिलीट ही की दाबून (कांहीं यंत्रांत ती निराळी असते) बायोसच्या पटलांत जावें व फ्लॉपी सर्वांआधीं वाचली जाईल अशी व्यवस्था करावी. मग विंडोज ९८ ची आरंभ-फ्लॉपी घालून "सीडीसह सुरू करा" हा पहिला पर्याय निवडावा. या फ्लॉपीवर दुरुस्तीचीं हत्यारें दाबून भरलेलीं असतात; तीं उलगडण्यासाठीं ती स्मृतींत २ मेगाबाइटांची एक तात्पुरती डिस्क तयार करते. ही पाहुणी डिस्क स्वतःसाठीं एक अक्षर घेते आणि सीडीचें अक्षर एका घरानें पुढें सरकतें. नव्या डिस्कवर विभाग पाडलेला नसतो तोंवर सीडी "डी" असते. विभाग पाडून संगणक पुन्हां सुरू केला कीं तीच "ई" होते. पुष्कळजण येथें "डी" वर सीडी शोधीत बसतात व अखेर सीडीला दोष देतात.

आतां एफडिस्क. ही आज्ञा टंकतांच मोठ्या डिस्कांची सोय हवी काय, असा प्रश्न येतो. त्याला होकार द्यावा. नकार दिल्यास एक विभाग २ गिगाबाइटांहून मोठा होत नाहीं. मग चार ओळींची यादी दिसते : विभाग पाडणें, तो चालू म्हणून नेमणें, पुसणें, आणि आहेत ते पाहणें. संगणकाला दोन डिस्का जोडलेल्या असतील तरच पांचवी ओळ उमटते : हातांतली डिस्क बदलणें. खरें संकट त्या पांचव्या ओळींत आहे. क्रमांक, अक्षर व आकारमान यांपलीकडे एफडिस्क डिस्केची कांहींच ओळख देत नाहीं. कुलवृत्तांत कोणत्या डिस्केवर आहे हें त्याला ठाऊक नसतें. पुसण्यापूर्वीं तो विभागाचें नांव टंकायला लावतो व पुन्हां होय-नाहीं विचारतो हें खरें, पण दहा वेळां "होय" दाबून सरावलेलें बोट अकराव्या वेळीं थांबत नाहीं. विभाग पुसल्यानें लेखन त्याच क्षणीं घासलें जात नाहीं, केवळ त्याचा नकाशा जातो. तज्ज्ञाला तें कदाचित् परत काढतां येतें. त्यावर फॉरमॅट होऊन नव्या फाइली बसल्या म्हणजे तज्ज्ञाचाही इलाज चालत नाहीं. जुनी डिस्क कपाटांत असली कीं ही पांचवी ओळ दिसतच नाहीं.

संबंध डिस्केचा एकच विभाग पाडावा, संगणक पुन्हां सुरू करावा, आणि "सी" ला फॉरमॅट करावें. सर्व कांहीं जाईल अशी सूचना येते. येथें डिस्क रिकामी असल्यानें खुशाल "वाय" दाबावें. यानंतर सीडीवरचा विंडोज ९८ चा फोल्डर प्रथम "सी" वर उतरवून तेथूनच सेटअप चालवावा. यांत वेळ थोडा अधिक जातो, पण पुढें प्रत्येक नव्या उपकरणाच्या वेळीं सीडी मागितली जात नाहीं.

सेटअपचें काम बरेंचसें आपसुख होतें. आधीं डिस्केची तपासणी, मग पंचवीस अक्षरी परवलीचा क्रमांक. तो प्रमाणपत्रावर छापलेला असतो, आणि आठाचा आंकडा व "बी" हें अक्षर यांची गल्लत तेवढी टाळावी. डाव्या कडेला पांच टप्पे व उरलेल्या मिनिटांचा अंदाज दिसतो; तो अंदाज फारसा मनावर घेऊं नये. संगणक स्वतः पुन्हां सुरू होऊं लागला कीं फ्लॉपी काढून घ्यावी. उपकरणें ओळखण्याच्या टप्प्यावर यंत्र गोठल्यासारखें झालें तर घाबरूं नये. वीज बंद करावी, दहा सेकंद थांबावें, पुन्हां सुरू करावें. ज्या उपकरणापाशीं तो अडला तें सेटअप दुसऱ्या वेळीं वगळून पुढें जातो. इंटरनेटला हें यंत्र जोडूं नये. मायक्रोसॉफ्टनें त्याची देखभाल ११ जुलै २००६ रोजीं संपविली.

नंतर कपाट उघडावें. जुन्या डिस्केच्या मागची चिमुकली टोपी, जिला जंपर म्हणतात, "स्लेव्ह" या खुणेवर बसवून, वीज बंद असतांना, ती केबलीच्या दुसऱ्या जोडावर लावावी. ती "डी" म्हणून दिसेल. तिच्यावर कांहींही लिहूं नये. फाइली "सी" वर उतरवाव्या, टंकनाचा संच व फॉन्ट बसवावे, कुलूप असल्यास तें खोंचावें, आणि फाइल उघडावी. अक्षरें दिसलीं कीं प्रथम छापावें, मग इतर विचार.

बाहेर नेण्यासाठीं पेनड्राइव्ह लगेच उपयोगी पडत नाहीं, कारण विंडोज ९८ ला त्याचा निराळा ड्रायव्हर द्यावा लागतो. मजकूर थोडका असतो; १.४४ मेगाबाइटांची फ्लॉपी पुरते, आणि नव्या संगणकाला यूएसबीनें जोडण्याचीं फ्लॉपीयंत्रें आहेत. तेथें मजकूर युनिकोडमध्यें पालटावा. यासाठीं तयार प्रोग्रॅम आहेत, तरी त्यांच्यावर भरंवसून राहूं नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी हातानें लिहावी तशी अक्षराच्या आधीं नोंदलेली असते, युनिकोडांत ती अक्षरामागून येते. रफाराचें नेमकें उलट, जुन्यांत तो मागून व युनिकोडांत आधीं. जोडाक्षरांवर ही अदलाबदल चुकते. छापील कागद शेजारीं ठेवून "कीर्ति", "मूर्ति", "शक्ति" असे शब्द अगोदर ताडून पाहावे, आणि मग कुलवृत्तांतलीं माणसांचीं नांवें एकेक करून.