ब्रॉडवेवर नायिका बदलते तेव्हा

२०२२च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ऑगस्ट विल्सन थिएटरमध्ये ‘फनी गर्ल’ अडचणीत आलं होतं. १९६४ साली बार्ब्रा स्ट्रायसँडने गाजवलेलं हे संगीत नाटक तब्बल ५८ वर्षांनी ब्रॉडवेवर पुन्हा उभं राहिलं होतं. एप्रिलमध्ये शुभारंभ झाला. नायिका फॅनी ब्राइस साकारणाऱ्या बीनी फेल्डस्टाइनचा विनोद अनेकांना आवडला, पण गाण्यांना तिचा गळा पुरत नाही, असं समीक्षकांनी लिहिलं. टोनी पुरस्कारांसाठी नाटकाला एकच नामांकन मिळालं आणि तेही सहायक भूमिकेतल्या जॅरेड ग्राइम्सला. ३१ जुलैला फेल्डस्टाइन बाहेर पडली आणि ६ सप्टेंबरला ली मिशेल फॅनी ब्राइस म्हणून उभी राहिली. नेपथ्य तेच, दिग्दर्शक मायकेल मेयर तोच, संचही बहुतेक तोच. तरी त्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात नाटकाने २० लाख डॉलरहून जास्त गल्ला जमवला.

आपल्याकडे नाटकवाले ज्याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात, त्याचं हे अलीकडचं सर्वांत ठळक उदाहरण.

आधी भूमिका बघायची

रिप्लेसमेंटची चर्चा नेहमी नावांपासून सुरू होते. कोण मोकळं आहे, कोणाच्या नावावर तिकिटं खपतील? माझ्या मते सुरुवात भूमिकेपासून व्हायला हवी. फॅनी ब्राइस जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असते. देखणी नाही म्हणून नाकारली गेलेली ही मुलगी उद्या मोठी होणार, हे प्रेक्षकाला पहिल्याच अंकात पटावं लागतं आणि ते पटवण्याचं काम गाणी करतात. तिथे गळा कमी पडला, तर कितीही चांगला अभिनय कथानकाला सावरू शकत नाही.

‘शिकागो’चं गणित याच्या अगदी उलट आहे. १९९६ साली पुन्हा आलेला हा प्रयोग अजून चालू आहे. वाद्यवृंद रंगमंचावरच बसलेला, कपडे काळे, नेपथ्य जवळजवळ नाहीच. गोष्ट रॉक्सी हार्टची. प्रियकराचा खून करून ती तुरुंगात जाते आणि त्या खुनाच्या जोरावर वर्तमानपत्रांत झळकते. प्रसिद्धीसाठी आसुसलेल्या या बाईच्या जागी मेलनी ग्रिफिथ, ब्रुक शील्ड्स, पामेला अँडरसन अशा आधीच प्रसिद्ध असलेल्या बायका आल्या, तेव्हा त्यांची प्रसिद्धीच भूमिकेचा भाग झाली. नाच-गाण्यात थोडं उणं असलं तरी गोष्ट बिघडत नाही. एवढी वर्षं नवनवी नावं पचवण्याची ताकद या नाटकाला संहितेनेच दिली आहे. निर्माते बॅरी आणि फ्रॅन वाइसलर यांनी ती ओळखली, हे त्यांचं खरं कसब.

याच जोडीच्या ‘ॲनी गेट युअर गन’मध्ये १९९९ साली बर्नाडेट पीटर्स होती. २००१मध्ये तिथे रीबा मॅकएंटायर आली. रंगभूमीचा अनुभव नसलेली ही कंट्री गायिका ओक्लाहोमातल्या गुरांच्या रँचवर वाढलेली. नेमबाज ॲनी ओकलीचा रांगडा हेल तिला शिकावा लागला नाही. नाव आणि भूमिका इतकी जुळली की समीक्षकांनीही तिला मनापासून दाद दिली.

मराठी प्रेक्षकाला हा अनुभव नवा नाही. भक्ती बर्वे यांची ‘फुलराणी’ पाहिलेल्यांनी पुढे सुकन्या कुलकर्णी आणि अमृता सुभाष यांच्याही मंजुळा पाहिल्या. शॉच्या ज्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. लं.नी ‘ती फुलराणी’ लिहिलं, त्यावरच ‘माय फेअर लेडी’ बेतलेलं आहे. लिंकन सेंटरमधल्या त्याच्या नव्या प्रयोगात २०१८च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन अँब्रोजच्या जागी लॉरा बेनांटी एलायझा झाली.

दोघी एकदम गेल्या तर

‘अ लिटल नाइट म्युझिक’चा २००९चा प्रयोग कॅथरीन झीटा-जोन्स आणि अँजेला लॅन्सबरी यांच्या जोरावर चालला होता. लेक आणि आई, दोन्ही भूमिका करणाऱ्यांची मुदत जून २०१०मध्ये एकाच दिवशी संपली. निर्मात्यांनी तात्पुरती माणसं लावून गाडी रेटली नाही, नाटकच तीन आठवडे बंद ठेवलं. १३ जुलैला पडदा उघडला तेव्हा लेक बर्नाडेट पीटर्स होती आणि आई ८५ वर्षांची इलेन स्ट्रिच. दोघींनी या नाटकाच्या संगीतकाराची, सोंडहाइमची गाणी पूर्वीच गाजवली होती, स्ट्रिचने ‘कंपनी’त आणि पीटर्सने ‘संडे इन द पार्क विथ जॉर्ज’मध्ये. आधीच्या जोडीची नक्कल करण्याचा प्रश्नच उरला नाही. तीन आठवड्यांचा गल्ला सोडायला धैर्य लागतं, म्हणून हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

निवडीनंतरच्या तालमी

निवड निर्माता, दिग्दर्शक आणि कास्टिंग डायरेक्टर मिळून करतात. लेखक-संगीतकारांची किंवा त्यांच्या वारसांचीही संमती लागते. तालमी मात्र बहुतेक सहदिग्दर्शक, रंगमंच व्यवस्थापक आणि डान्स कॅप्टन घेतात. बाकीचा संच रोज रात्री प्रयोगात गुंतलेला असतो, त्यामुळे नवी नायिका बरेच दिवस रिकाम्या स्टुडिओत, समोर नसलेल्या माणसांशी संवाद बोलत असते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मध्यापासून दोन्ही बाजूंना आकडे लिहिलेले असतात. कुठल्या ओळीला कुठल्या आकड्यावर उभं राहायचं हे पाठ करावं लागतं, कारण सरकतं नेपथ्य नव्या माणसासाठी थांबत नाही. गाण्याची पट्टी बदलली तर वाद्यवृंदाची पानं नव्याने छापावी लागतात.

मग येतो ‘पुट-इन’. पूर्ण संचाबरोबरची ही तालीम बहुतेकदा एकदाच होते. नवी नायिका पूर्ण वेशभूषेत, विगसकट उभी असते आणि भोवतीचे सगळे घरच्या कपड्यांत. त्यांना ते नाटक झोपेतही येतं, तिला ते पहिल्यांदाच सलग करायचं असतं. त्यानंतर थेट प्रयोग, आठवड्याला आठ.

एवढं करून टोनी मिळण्याची शक्यता जवळपास नसतेच. अभिनयाचे पुरस्कार शुभारंभाच्या संचासाठी असतात.

गुरुवारची फॅनी

फेल्डस्टाइन गेली आणि मिशेल यायची होती, त्या ऑगस्टभर ‘फनी गर्ल’ ज्युली बेंकोने चालवलं. ती स्टँडबाय होती. म्हणजे भूमिका पूर्ण तयार, पण नायिका गैरहजर असेल तरच पडद्यापुढे. मिशेल आल्यावर दर गुरुवारचा प्रयोग बेंकोच्या नावाने जाहीर झाला. मिशेलला पहिल्याच आठवड्यात कोविड झाला, तेव्हाही बेंकोच धावून आली.

अशा अभिनेत्रीला पूर्ण भूमिका का देत नाहीत, असा प्रश्न रसिक विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर आगाऊ बुकिंगमध्ये आहे. नाव ओळखीचं नसेल तर पर्यटक महिनोनमहिने आधी महागडं तिकीट काढत नाही. ठरावीक वाराला दुसऱ्या अभिनेत्रीचं नाव उघड लावणं हा त्यातला सर्वांत न्याय्य मार्ग मला वाटतो. २०१७च्या ‘हॅलो, डॉली!’मध्ये बेट मिडलरऐवजी मंगळवारी डोना मर्फी असायची. प्रेक्षकाला कोणाचं तिकीट काढतोय हे ठाऊक होतं आणि मर्फीला कोणाच्या आजारपणाची वाट पाहावी लागत नव्हती.