कोष्टक आणि ओळींमधली जागा

सतरा औटे साडेएकोणसाठ! ज्यांनी औटकी घोकली आहे त्यांना आमचा विषय परका वाटायचा नाही. दुकानदार हा गुणाकार गिऱ्हाइकागणिक नव्याने करीत नसे. पाठ केलेला उचलीत असे. श्रम एकदाच करून त्यांचे फळ साठवून ठेवायचे, एवढेच कोष्टकाचे मर्म आहे.

पण कोष्टकात नसलेलेच विचारले तर? खगोलगणितात हा प्रसंग रोजचा. ग्रहाचे स्थान काढायला कोनाची ज्या लागते, आणि ती मुळापासून काढणे कष्टाचे. म्हणून आर्यभटाने पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस ज्यांचे फरक देऊन ठेवले. मधला कोन आला की शेजारच्या दोन किमती घेऊन त्रैराशिक मांडावे.

त्रैराशिक मात्र दोन किमतींमधली वाट सरळ धरते, आणि ज्येची वाट तर वळत जाते. ब्रह्मगुप्ताने 665 सालच्या ‘खंडखाद्यका’त यावर जी युक्ती सांगितली ती आम्हांला फार आवडते. त्रिज्या 150 धरून पंधरा-पंधरा अंशांवर त्याच्या सहाच किमती: 39, 75, 106, 130, 145, 150. आपण वीस अंशांची ज्या काढू. पंधराला 39, तिसाला 75, फरक 36. वीस अंशांशी वाटेचा तिसरा हिस्सा सरतो, म्हणजे त्रैराशिकाने 39 अधिक 12, एकूण 51. खरी किंमत सुमारे 51.30. ब्रह्मगुप्त मागचा फरकही, म्हणजे 39, विचारात घेतो. दोन्ही फरकांची सरासरी साडेसदतीस. त्यांच्यातील अंतर 3, त्याचे निम्मे दीड, दिडाचा तिसरा हिस्सा अर्धा. तो वजा करून राहिले 37. याचा तिसरा हिस्सा 39 मध्ये मिळवला की 51.33. चूक दहाव्या हिश्शावर आली, आणि कोष्टकात एक ओळही वाढली नाही!

ओळी दुप्पट केल्या तर त्रैराशिकाची चूक साधारण चौथाईवर येते, हा दुसरा मार्ग. आजच्या संगणकात तो दिसतो तितका स्वस्त नाही. कोष्टक फुगून जवळच्या छोट्या स्मृतीत मावेनासे झाले, की लांबच्या स्मृतीतून एक किंमत आणीपर्यंत शेकडो बेरजा होऊन जातात. मग कोष्टक बाजूला ठेवून नव्याने गणित केलेलेच बरे.

आणि साठवलेली किंमतच चुकीची असली तर? इंटेल कंपनीच्या पेंटियम यंत्रात भागाकाराचा पुढचा अंक ठरविण्यासाठी 1066 नोंदींचे कोष्टक होते. त्यांतल्या पाच नोंदी भरावयाच्या राहून गेल्या. क्वचित काही भागाकार चुकत, आणि यंत्र त्याची काही वाच्यता करीत नसे. 1994 साली थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना मूळसंख्यांवरील कामात तो दोष सापडला. कंपनीला सत्तेचाळीस कोटी पन्नास लाख डॉलरांची तोशीस लागली.

ज्येसारख्या सावकाश वळणाऱ्या कोष्टकाला जुन्या गणकांची एक तपासणी लागू पडते. वरच्या सहा किमतींचे फरक काढा, मग त्या फरकांचे फरक काढा: 3, 5, 7, 9, 10. आता 106 च्या जागी 109 छापले गेले असे समजा. तेच आकडे होतात 3, 2, 13, 6, 10. तो तेरा लगेच डोळ्यांत खुपतो.