काळी आणि पांढरी

मराठवाड्यातलं गाव आपली जमीन दोन रंगांत ओळखतं. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’तही ही जोडी भेटते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण आणि ढासळलेल्या भिंतींची माती साचून पांढरी तयार होते. तेरसारख्या गावी पुरातत्त्वज्ञ प्राचीन वस्ती शोधतात ती पांढरीच्या टेकाडांवरच. हीच माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर पसरतात, कारण चोपून बसवली की ती पाऊस सहजी मुरू देत नाही.

मी माळवदाची घरं कृष्णधवल टिपतो. रंगीत फोटोत नजर आधी दारातल्या निळ्या पिंपाकडे जाते आणि भिंत मागे पडते. सकाळचं ऊन भिंतीला घासून जात असतं, तेव्हा लिंपणाऱ्या हाताचे फराटे आणि भिंतीला सुटलेलं पोट, दोन्ही स्पष्ट उमटतात. नारिंगी फिल्टरने निळं आकाश गडद होतं आणि माळवदाची कड उठून दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या कोलोडियनच्या फोटो-काचांना मुख्यतः निळाच उजेड लागे, त्यामुळे त्या फोटोंतलं आकाश कोरं असतं. तेव्हाच्या सरकारी पुरातत्त्व पाहणीचा रोखही लेणी आणि देवळांवर होता. शेतकऱ्याचं घर त्या काचांवर क्वचितच आलं.

प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. पांढऱ्या भिंतीवर मोजलं तर भिंत मळकी उतरते, माजघरातल्या अंधारावर मोजलं तर भिंत कोरी पडते. म्हणून बाहेर भिंतीवर मोजून दीड स्टॉप वाढवायचा आणि माजघराचा फोटो वेगळा घ्यायचा. कॅमेरा तिवईवर लावून काही सेकंद थांबलं की माळवदातल्या झरोक्यातून उतरणारा उजेड पुरतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच घरं माणसांवर कोसळली. दगडमातीच्या जाड भिंतींना सांधून धरणारं काही नव्हतं, वर मातीचा भार होता. तरी कित्येक ठिकाणी भिंती बाहेर पडल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. त्या सांगाड्याच्या आत असलेली काही माणसं वाचली. या घरांचं गुणगान करताना ती पहाट विसरणं हा त्या गावांवर अन्याय होईल. म्हणून मी फोटोत मोजपट्टी उभी करतो, खण (दोन खांबांमधले गाळे) मोजतो आणि भिंत तुळईपासून कुठे सुटली आहे ते जवळून टिपतो.

एका माजघरात घुसळखांब पाहिला. रवीच्या दोरीने सागात बोटभर खोल खाच पाडली होती. वरून हिरवा ऑइलपेंट दिल्यामुळे ती डोळ्यांना दिसेना, आधी हाताला लागली. तिरपा उजेड टाकल्यावर फोटोत ती काळ्या रेघेसारखी उमटली. घरातल्या आजींनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि हे आपल्या सासूबाईंचं काम असल्याचं सांगितलं.

घर उतरवलं की सागवान विकलं जातं आणि खांबही जातो. म्हणून त्या खांबाच्या फोटोच्या पाठीवर मी पेन्सिलीने गाव, तारीख आणि खणांची संख्या लिहिली. त्याखाली आजींनी सांगितलेलं सासूबाईंचं नाव लिहिलं.