एकाच मातीवरच्या दोन इमारती

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला झालेला भूकंप सीमाभागातल्या चिकोडी-निपाणीलाही जाणवला होता. नेहमीची इमारत पायाला घट्ट जखडलेली असते, त्यामुळे जमिनीचा प्रत्येक हिसका थेट वर चढतो.

हा हिसका वाटेतच अडवता येतो. पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबर आणि पोलादाच्या थरांची बेअरिंगे बसवतात. ती वजन पेलतात, पण इमारतीला आडवे सरकू देतात. मधला शिशाचा गाभा धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरवतो.

हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात काय? मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आयआयटी गुवाहाटीसोबत याचा पडताळा घेतला. गुवाहाटीत शेजारीशेजारी दोन सारख्या तीनमजली काँक्रीट इमारती उभारल्या: एक बेअरिंगवर, दुसरी नेहमीच्या पायावर. मग वाट पाहिली ती खऱ्या भूकंपांची! ईशान्य भारतात ते येतच राहतात. यंत्रांनी नोंदले, की बेअरिंगवरची इमारत कमी हादरली. प्रयोगशाळेतल्या छोट्या नमुन्यापेक्षा हा पुरावा कितीतरी मोलाचा.

जपानमधल्या मिकी इथे तर २०११ साली अख्खी पाचमजली इमारतच कंपन-मंचावर हलवून पाहिली.

भूजचे रुग्णालय २००१ च्या भूकंपानंतर अशाच बेअरिंगवर नव्याने बांधले गेले. कोयनेच्या टापूत, सीमाभागात मोठे रुग्णालय बांधताना आराखड्याच्या वेळीच हा पर्याय तपासायला हवा.