जाड पोट, बारीक शेपूट

रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनला एक छोटं सांकेतिक नाव असतं. नागपूरचं आहे एनजीपी. आणि आपल्या गोंदियाचं? नुसतं ‘जी’! एका अक्षरात आख्खं जंक्शन.

फलाटावरची पिवळी पाटी आठवा. तिच्यावरची काळी अक्षरं सगळीकडून सारखी जाड. चालत्या गाडीतूनही ती वाचता यायला हवीत ना! आता इंग्रजीतली एखादी झोकदार लग्नपत्रिका शोधा. तिच्यावरचा ‘जी’ ऐटीत कललेला दिसेल. पोट गुबगुबीत, टोकं केसाएवढी.

ही गंमत कुठून आली? करूनच बघू या. दोन पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून रबराने घट्ट बांधा. डावं टोक थोडं वर, उजवं खाली, असं धरा. मनगट अजिबात वळवायचं नाही. डावीकडून उजवीकडे उतरती रेघ ओढा. दोन्ही रेघा एकीवर एक बसतील. आता उजवीकडून डावीकडे उतरती ओढा. रुंद पट्टा! जोर तर तेवढाच होता. म्हणजे जाडी हाताच्या जोरात नाही, टोकाच्या कोनात आहे.

बोरू, म्हणजे तिरपं टोक कापलेली काडीची लेखणी, साधारण असाच चालायचा. युरोपातल्या लेखणीचा कोन नेमका उलटा. डावं टोक खाली धरून बघा, जाड-बारीकची अदलाबदल होईल.

पत्रिकेवरच्या ‘जी’सारखी कललेली अक्षरं पहिल्यांदा छापली गेली इटलीतल्या व्हेनिसमध्ये. 1501 साली आल्दुस मानुतियुस या छापखानेवाल्याने पूर्ण पुस्तकच त्या वळणात काढलं. त्याचे ठसे ग्रिफो नावाच्या कारागिराने कोरले होते. इटलीची, म्हणून ती ‘इटॅलिक’! पुढे टोकदार लेखणी आली. दाबली की तिचं टोक फाकायचं आणि रेघ फुगायची, हलक्या हाताने ओढली की तार. पार्मा शहरातल्या बोदोनी या मुद्रकाने हाच ताल छपाईत आणला. अशा बारीक रेघा उमटायला कागद गुळगुळीत लागतो. अक्षर लहान केलं, तर त्या दिसेनाशाच होतात. म्हणून हे वळण शोभतं मथळ्याला आणि पत्रिकेला.

आपल्याकडे 1864 साली जावजी दादाजींनी मुंबईत टाइप ओतायचा कारखाना काढला. तोच पुढे ‘निर्णयसागर’ म्हणून गाजला. त्यांचे कारागीर राणूजी आरू पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरत. तो ठसा तांब्यात ठोकायचा, त्या साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, की झाला छपाईचा खिळा, म्हणजेच टाइप! बोरूची जाड-बारीक चाल अशी धातूत उतरली.

आता जोडपेन्सिलीने ‘गोंदिया’ लिहा. आधी बोरूच्या कोनात, मग उलट्या. दुसरं ‘गोंदिया’ वाचता येतं, पण काहीतरी खटकतं ना? डाव्या पायातली चप्पल उजव्यात घातल्यासारखं!