चार मिनिटांचें गाणें आणि त्यांतील आपला गांव

वर्ध्याकडील एखाद्या एकत्र कुटुंबांतील संध्याकाळ वाचकांनीं डोळ्यांसमोर आणावी. देवाजवळ दिवा लागला आहे, पानें मांडावयास अद्यापि अवकाश आहे, आणि महाविद्यालयांत शिकणारा नातू आपला मोबाईल आजोबांच्या हातीं देऊन म्हणतो, "आजोबा, आम्हीं मित्रांनीं मिळून केलें आहे. पाहा ना." गाणें चार मिनिटांचें. काळा चष्मा लावलेला एक मुलगा भिंगाकडे बोट रोखून भराभर शब्द फेंकतो आहे, मागें कोणाची तरी मागून आणलेली मोटार उभी आहे, चार सोबती डोलत आहेत, आणि चित्र क्षणोक्षणीं पालटतें आहे. आजोबा मोबाईल परत करतात व एवढेंच विचारतात, "यांत गाणें कोठें आहे?" नातू मुकाट्यानें आंत जातो. पुढचें गाणें तो घरांत कोणाला दाखवीत नाहीं.

असा प्रसंग आतां पुष्कळ घरांतून घडतो. त्यांत आजोबांचें चुकलें असें आम्ही म्हणत नाहीं, आणि नातवाचें सर्व बरोबर असेंहि नाहीं. परंतु त्या एका प्रश्नानें घरांतील दोन पिढ्यांचें बोलणें थांबलें, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

प्रत्येक कलाप्रकाराचे आपले संकेत असतात. कीर्तनांत पूर्वरंग आधीं व आख्यान मागून. संगीत नाटकांत नांदीवांचून आरंभ नसे, आणि मरणाच्या दारीं पोंचलेला नायकहि एखादें पद म्हटल्याखेरीज प्राण सोडीत नसे. आमच्या वाडवडिलांनीं त्याबद्दल तक्रार केली नाहीं. उलट 'वन्स मोअर' दिला. मग 'म्युझिक व्हिडिओ' या नांवानें मुलें ज्यास ओळखतात, त्या गीतचित्राचे संकेत तरी काय आहेत, हें समजून घेण्यास हरकत नसावी.

अमेरिकेंत १ ऑगस्ट १९८१ रोजीं एमटीव्ही ही केवळ गीतचित्रें दाखविणारी वाहिनी सुरू झाली, आणि तेथून हा प्रकार घरोघर पोंचला. त्याचा मूळ हेतु गायकाचें गाणें खपविणें हा होता. म्हणून गायकाचा चेहरा वारंवार व जवळून दाखवावयाचा. त्यानें थेट भिंगाकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, पाहून गावयाचें. आणि डोळा कोठें रेंगाळूं नये यासाठीं तालाच्या ठोक्यासरशीं दृश्य बदलावयाचें. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकानें १९९२ सालच्या आपल्या ग्रंथांत शब्द व चित्र यांचे तीन प्रकारचे संबंध सांगितले आहेत. चित्र शब्दांचा अर्थ जसाच्या तसा दाखवितें, किंवा त्यांत भर घालतें, किंवा शब्दांपासून अजिबात फटकून वागतें. विद्यार्थ्याची कृति पारखण्यास ही कसोटी पुष्कळ उपयोगी आहे.

संकेत मोडणें ही कांहीं कालपरवांची टूम नव्हे. प्रभात कंपनीच्या 'माणूस' या १९३९ सालच्या बोलपटांत व्ही. शांताराम यांनीं त्या वेळच्या बॉम्बे टॉकीजच्या धर्तीवरील प्रेमगीताची उघड थट्टा केली आहे. थट्टा करणाऱ्यास तो संकेत पुरता ठाऊक होता, म्हणूनच ती साधली. त्याच प्रभातच्या जागेंत १९६० सालीं सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि जेथें गुरूंनीं संकेत घडविले व मोडले, तेथेंच विद्यार्थी ते शिकूं लागले.

परंतु चित्रपटाचें शिक्षण पुण्यासच मिळतें असें नाहीं. नागराज मंजुळे यांनीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथील महाविद्यालयांत संज्ञापनशास्त्र शिकत असतां 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या एका भटक्या समाजांतील मुलाची ती कथा. विद्यार्थ्याच्या त्या कृतीला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुढें २०१३ सालच्या 'फँड्री'च्या अखेरीस डुकरें धरणाऱ्या घरचा जब्या हातांतील दगड भिरकावतो, तो थेट पडद्याबाहेर, आपल्याच रोखानें येतो. गीतचित्रांतील गायक भिंगाकडे पाहतो तो आपल्याला रिझविण्यासाठीं. जब्याहि भिंगाकडेच पाहतो, परंतु त्याला आपल्याला कांहीं विकावयाचें नाहीं. संकेत तोच, अर्थ मात्र पार उलटा.

२९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झालेल्या 'सैराट'मध्यें तर ही युक्ति सबंध चित्रपटभर पसरली आहे. अजय-अतुल यांच्या गाण्यांच्या वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण हॉलीवुडमध्यें झालें. शेतें, विहीर, मंद गतीनें धांवणारा प्रेमी असे प्रेमगीताचे बहुतेक संकेत त्यांत मनसोक्त पाळलेले आहेत. मात्र गाडी चालविणारी, धीट नजरेची ती पाटलाची मुलगी आहे, आणि लाजणारा तो मासेमारी करणाऱ्या घरचा मुलगा. आणि चारहि गाणीं पूर्वार्धांतच संपतात. उत्तरार्धांत संसार आहे, भांडण आहे, मजुरी आहे; गाणें नाहीं. शेवटीं मुलीच्या माहेरची माणसें घरीं येऊन जातात, आणि रक्तांत भरलेलीं लहान पावलें उमटत जातात, तेव्हां तर आवाजहि उरत नाहीं. प्रेमगीतांत जात कधीं दाखवीत नाहींत, हा आमच्या चित्रपटांचा सर्वांत जुना संकेत. तो गाणें बिघडवून नव्हे, तर गाणें थांबवून मोडला गेला. 'झिंगाट'वर आमच्या घरच्या लग्नांतूनहि मुलें नाचलीं. त्या गाण्यापुढची ती शांतता किती घरांनीं ऐकली, हें ज्याचें त्यानें आठवावें.

आतां वर्ध्याकडे वळूं. महात्मा गांधी १९३४ सालीं येथें आले व १९३६ पासून सेवाग्रामास राहूं लागले. चित्रपटांविषयीं त्यांचें मत अनुकूल नव्हतें. १९२७ सालीं नेमलेल्या चौकशी समितीलाहि त्यांनीं तसेंच कळविलें होतें. त्याच वर्ध्यास १९९७ सालीं त्यांच्या नांवानें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयांत आज नाट्य व चित्रपट हे विषय शिकविले जातात. यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. कोणतेंहि साधन हातीं घेतांना तें कोणाच्या कामास येतें हें विचारावें, एवढी शिकवण आश्रमापासून घेतली म्हणजे पुरे.

हा प्रश्न नातवाच्या गाण्याला लावून पाहावा. मोटार, काळा चष्मा, हातांत बाटली, हा तर आयता उचललेला सांचा झाला. जिल्ह्यांत सुमारे पन्नास वर्षें दारूबंदी आहे. बंदी असूनहि दारू कोणत्या वाटेनें येते व कोणाचें घर बुडवून जाते, हें गांवांतील बायकांना ठाऊक आहे. त्या जिल्ह्यांतील मुलानें बाटली नुसती मिरवावी, याहून अधिक आज्ञाधारक वर्तन कोणतें? त्याला वाटतें आपण बंड केलें. प्रत्यक्षांत त्यानें दूरच्या शहरांतील एका सांच्याची आज्ञा पाळली. तसेंच शेताचें. गाण्यांतील शेत नेहमीं हिरवें किंवा मोहरीच्या फुलांनीं पिवळें. वर्ध्याचें शेत पऱ्हाटीचें. बोंड फुटल्यावर पांढरें, आणि वेचणीच्या वेळीं ओळीनें वाकलेल्या बायकांचें. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत वर्धा होता. तें शेत दाखविणें हेंच येथें संकेत मोडणें आहे.

आणि भराभर बोलण्याचा तो 'रॅप'? १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कमधील गरीब वस्तींतून तो वर आला, हें खरें. परंतु आमच्या विदर्भांत पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालीं बैलजोड्या उभ्या राहिल्या म्हणजे ज्या झडत्या म्हणतात, त्या नातवानें ऐकल्या आहेत काय? एकानें उंच सुरांत म्हणावी, दुसऱ्यानें त्यावर ताण करावी. सावकार, नापिकी, सरकार, कोणाचीहि त्यांतून सुटका नाहीं. दोन्ही प्रकार एकच आहेत असें नव्हे. पण नातवाला ज्याची गरज आहे तें त्याच्या अंगणापासून चार पावलांवर आहे. झडत्या म्हणतात ते बहुधा पुरुषच. तेव्हां वेचणी करणाऱ्या एखाद्या मुलीच्या तोंडीं ती घातली, तर झडतीचाहि संकेत मोडेल आणि गीतचित्राचाहि. कारण तेथें मुलगी असते ती बहुधा शोभेपुरतीच. मात्र ती मुलगी आपल्याला काय म्हणावयाचें आहे तें स्वतः ठरवील, तरच त्यास अर्थ.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंति आहे. "यांत गाणें कोठें आहे?" हा प्रश्न सोडून द्यावा, "तूं कोणाचा सांचा घेतलास, त्यांतलें काय मोडलेंस, आणि कशासाठीं?" असें विचारावें. नातवाजवळ उत्तर असेल, तर गाणें न आवडलें तरी त्याचा मान ठेवावा. उत्तर नसेल, तर तो प्रश्न त्याच्या पुढच्या गाण्यापर्यंत त्याच्याबरोबर राहील.

मात्र असें विचारणाऱ्यानें एक तयारी ठेवली पाहिजे. उद्यां तो खरोखरच आपल्या भोवतीं भिंग फिरवील. वेचणीच्या शेताबरोबर आपलें माजघरहि त्यांत येईल. कोण कोणत्या दारानें आंत येतें, कोणास कोणत्या पेल्यांत पाणी मिळतें, आणि सुनेचें गाणें लग्नानंतर कां थांबलें, हेंहि येईल. तें पाहण्याचें धैर्य आपल्या अंगीं असेल, तरच त्याला धीट हो म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहील. त्या रात्रीं पानें मांडण्यास थोडा उशीर झाला तरी चालेल. मोबाईल पुन्हां हातीं घ्यावा, आणि चारहि मिनिटें शेवटपर्यंत पाहावीं.